कपाचं बूड

२४०

धार लावायच्या सामानाचा नवा डबा उघडून रश्मीनं चाकूची पाठ त्यातल्या क्लॅम्पमध्ये धरली, दोन्ही स्क्रू आवळले आणि पातं बोटानं हलवून पाहिलं. हललं नाही. मग तिनं दांडीवर सगळ्यांत खरखरीत दगड चढवला. त्यावर २४० हा आकडा होता. दांडी कमानीच्या भोकातून घातली आणि सासऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, कोन किती ठेवू?"

केवलराम खुर्ची ओढून जवळ बसला. स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये त्यानं एकतीस वर्षं टूल ग्राइंडर चालवला होता. असल्या दांड्या, कमानी, अंशांच्या खुणा त्याला कधी लागल्या नव्हत्या. चाकू उजेडात तिरका धरला की कोन त्याला दिसायचा. हा एकवीस अंशांचा होता.

"पंधरा," तो म्हणाला.

"मोबाइलवरच्या व्हिडिओत तर वीस सांगून राहिला तो."

"थो त्याच्या चाकूचं सांगते. आपला पातळ हाय. पंधरा ठेव."

रश्मीनं पंधरा ठेवला. पंधरावर दगड धारेच्या वरच्या उतारावरूनच फिरणार होता, धारेला शिवणार नव्हता. केवलरामला ते माहीत होतं. म्हणून तर त्यानं पंधरा सांगितला.

रुआबांध्याच्या घराच्या मागच्या ओसरीत वर्तमानपत्रावर करडी भुकटी पडू लागली. या बाजूनं चाळीस वेळा, त्या बाजूनं चाळीस वेळा. पातं चमकायला लागलं. रश्मीनं टमाटर घेतला, चाकू टेकवला, दाबला. टमाटर आत दबला, कापला गेला नाही.

"घ्या. दिसते नवरदेवावानी, काम काहीच नाई."

आतल्या खोलीतून सासूचा, पंचफुलाचा आवाज आला. "झाली का वो धार?"

"नाई झाली, आई."



४००

गेल्या होळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. पंचफुला कांदा चिरत होती. चिरता चिरता तिनं फाटकाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. हात मात्र चालू होता. अंगठ्याला चार टाके पडले. ते टाके पुरते सुकायच्या आत दुर्गच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो पाहून केवलरामला सांगितलं की विसरणं हळूहळू वाढत जाईल, विस्तव आणि धारेच्या वस्तू सांभाळा. मुलगा नरेश तेव्हा खाली औषधं घ्यायला गेला होता.

घरी येऊन केवलरामनं मुलाला, सुनेला विसरण्याचं सांगितलं. धारेचं सांगितलं नाही. चाकू लपवले असते तर तिनं विचारलं असतं, चाकू कुठं गेले. मग कोणाला तरी तिच्या तोंडाकडे पाहून उत्तर द्यावं लागलं असतं. बोथट चाकू दिसायला चाकूसारखाच दिसतो.

निळ्या काठाचा चिनी मातीचा एक कप होता, त्याच्या बुडाला खरबरीत कडं होतं. दुपारी रश्मी शाळेत शिकवायला गेलेली, नरेश ड्यूटीवर, पंचफुला झोपलेली. केवलराम चाकू कड्यावर सरळ उभा धरायचा आणि धारच घासायचा. सहा-सात वेळा. तीन चाकू. कड्यावर काळपट रेघा उमटायच्या. कप तो तसाच मोरीत ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी हातात घ्यावा तर बूड पुन्हा पांढरं. जुना माल तो जुना माल, असं त्याच्या मनात यायचं.

पंधरा दिवसांत पंचफुलानं चिरणं सोडलं. तिनं चाकूला दोष दिला नाही. दोन्ही पंजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"माह्या हातातला जीव गेला जी."

"वय झालं," केवलराम म्हणाला होता.

१०००

रश्मीनं दगड बदलला. मग आणखी बदलला. आता पात्यात तोंड दिसत होतं.

पत्रक

डब्यासोबत एक इंग्रजी पत्रक आलं होतं. रश्मीनं ते मराठीत करून मोठ्यानं वाचून दाखवलं.

पत्रक म्हणतं, पातं घट्ट पकडा.
पत्रक म्हणतं, दगडावर जोर देऊ नका, दगडाला त्याचं काम करू द्या.
पत्रक म्हणतं, घाईनं पुढच्या दगडाकडे जाऊ नका.
पत्रक म्हणतं, मुलांपासून दूर ठेवा.
नवऱ्यांबद्दल पत्रकात काही नव्हतं.

४००, दुसऱ्या रविवारी

सुपेल्याच्या बाजारातून रश्मीनं सांबाराच्या तीन जुड्या आणल्या. थंडीतला कोवळा सांबार, हिरवागार. नाशिकच्या एका मैत्रिणीला तिनं मागे सांबारवडी खाऊ घातली होती, तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, ही तर कोथिंबीर." पण पंचफुलाच्या हातची वडी खाल्ल्यावर तीसुद्धा सांबारच म्हणायला लागली.

"आई, तुमीच चिरा. माह्यानं तुमच्यासारखा बारीक होत नाई."

पंचफुला चिरायच्या पाटापुढे बसली. जुडी मुठीत धरली, चाकू चालवला. सांबार चिरला गेला नाही, चेंगरला गेला. पाटावर हिरवं पाणी सुटलं, पानं काळी पडली. अर्धी जुडी झाल्यावर तिनं चाकू खाली ठेवला.

"तूच कर बाई. नाही जमत."

दारात केवलराम उभा होता. ती त्याच्याकडे पाहील असं त्याला वाटलं. तिनं पाहिलं नाही. पदरानं बोटं पुसली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना रश्मीनं मऊ रबराचा एक पिवळा चेंडू आणला.

"हा दाबाचा, आई. सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास. हातात ताकद येते. आमच्या शाळेतल्या मॅडमच्या आईचा हात याच्यानंच सुधरला."

पंचफुलानं चेंडू उलटसुलट करून पाहिला. "लिंबू तर नाही ना होय?"

"दाबून पाहा. रस निघाला तर लिंबू."

तेव्हापासून सकाळी अंघोळ झाली की पंचफुला पलंगावर बसून चेंडू दाबायची. मोजायची मोठ्यानं. केवलराम बाजूच्या खोलीत दाढी करत ऐकायचा. एकोणतीस, तीस, एकतीस. मग थांबायची. एकतीस. पुन्हा थांबायची. मग शांतपणे पहिल्यापासून, एक, दोन, तीन.

चौथ्या दिवशी ती तिसऱ्यांदा एकवर आली तेव्हा केवलरामनं अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड धुतलं आणि ओसरीत गेला. रश्मीला त्या दिवशी सुट्टी होती. ती क्लॅम्प पुसत बसली होती.

२४०, पुन्हा

"तुह्यापाशी मार्कर हाय का? काळा, पक्का."

"कायले?"

"आण तर."

तिनं पर्समधून काढून दिला. केवलरामनं चाकूच्या धारेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शाईची पट्टी ओढली. हात स्थिर होता. दगड रश्मीच्या हातात दिला.

"पंधरावर चार वेळा फिरव. मग पाह्य, शाई कुठली गेली."

तिनं फिरवला आणि वाकून पाहिलं. वरच्या बाजूची शाई गेली होती. धारेलगतची जशीच्या तशी होती, एक बारीक काळी रेघ.

"बाबा, दगड तर धारेले लागूनच नाई राहिला."

"नाई लागत."

"म्हणजे एवढे दिवस मी…"

"वरवर घासून राहिली होती." केवलरामनं कमान वर सरकवली, एकवीसवर आणली, स्क्रू आवळला. "आता फिरव."

या वेळी शाई धारेपर्यंत गेली. शाईखाली उजेडात एक पांढरी चकाकती रेघ दिसली, सरळ, सपाट. रश्मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मग सासऱ्याच्या अर्ध्या दाढीकडे.

"हे वापरून झालेलं नाई, बाबा. वापरून धार अशी सपाट होत नाई ना?"

"नाई होत."

"कोणीतरी घासली."

"मी घासली. दुपारी. रोज."

रश्मीनं दगड खाली ठेवला. आतून आवाज येत होता. सतरा, अठरा, एकोणीस.

"डॉक्टरनं सांगतलं होतं, धारेचं सांभाळा म्हणून," केवलराम म्हणाला. "मले दुसरं काही सुचलं नाई."

"आणि त्या आत बसून चेंडू दाबून राहिल्या."

"हो."

"दहा महिने मी टमाटर दाबून दाबून कापून राहिली. नरेशले म्हटलं, चाकू बेकार आणता तुमी. भांडण झालं आमचं याच्यावरून." तिचा आवाज चढला, मग आपोआप उतरला. "आईले सांगा तुमी."

"सांगतो."

"आज."

 तिनं दगड उचलला. फिरवत राहिली. थोड्या वेळानं केवलराम म्हणाला, "आता खालच्या बाजूनं नख फिरव. धारेकडे, हळू."

"अडकून राहिलं काहीतरी."

"थे बर्र होय. इकडचं लोखंड तिकडं लोटल्या गेलं. पूर्ण पात्यावर लागली पाहिजे. लागल्याबिगर पुढचा दगड घ्याचा नाई."

टोकाकडे लागत नव्हती. रश्मीनं टोकाकडे आणखी वीस वेळा फिरवला. तो आता खरं शिकवत होता, हे तिला हातात कळत होतं. पातं उलटलं, दुसरी बाजू घेतली. मग चारशे. मग हजार.

चामडं

शेवटी चामड्याच्या पट्टीवर पातं मागे ओढायचं, पुढे नाही. दहा वेळा, तितकंच. रश्मीनं वर्तमानपत्राचा एक कागद उभा धरला. चाकू त्यातून आवाज न करता खाली गेला.

धुऊन फडक्यावर वाळवलेला नवा सांबार तयार होता. पंचफुला पाटापुढे येऊन बसली. चाकू केवलरामच्या हातात होता. तो त्यानं दिला नाही.

"आयक. तुह्या हाताचं मले सांगाचं होतं."

"अगोदर थो कप द्या इकडं. निळ्या काठाचा."

त्यानं कप दिला. पंचफुलानं तो पालथा केला आणि त्याच्यासमोर पाटावर ठेवला. बूड पांढरंशुभ्र होतं.

"रोज काळं लागे याच्या बुडाले," ती म्हणाली. "तारेच्या घासणीबिगर निघत नसे. सूनबाईनं पाह्यलं असतं तर विचारलं असतं तिनं."

 केवलराम कपाकडे पाहत होता.

"तुले माहीत होतं?"

"डोकं जाऊन राहिलं जी. कान जाग्यावर आहेत."

"मग बोलली कावून नाई?"

"तुमी किती भ्याले होते. टाके मले पडले, जेवण तुमचं सुटलं. म्हटलं, घासू दे. घासून यांले झोप लागत असन तर लागू दे."

"आणि चेंडू, आई?" रश्मीनं विचारलं.

"तू एवढी मनानं आणला बेटा. फेकू का?" पंचफुलानं पंजा उघडला, मिटला. "पन्नासपर्यंत काही पोचली नाही. पण हात मजबूत झाले फुकटात."

"म्हणजे दोघांनी मिळून मलेच बेवकूफ बनवलं."

"तूच एकली शहाणी निघाली. म्हणून तर धार लागली." पंचफुलानं हात पुढे केला. "द्या आता. आणि उभे राहा तिथंच, पण मधात हात घालू नका."

केवलरामनं मूठ तिच्याकडे करून चाकू दिला.

तिनं जुडी मुठीत आवळली, बोटांची टोकं आत वळवली आणि चिरायला लागली. आवाज जवळजवळ नव्हताच. सांबार पाटावर हलका हलका पडत गेला, केसासारखा, कोरडा. पाटावर पाणी सुटलं नाही. एक जुडी झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर फाटकाची कडी वाजली. पंचफुलानं मान वर केली. केवलरामचा हात निघाला आणि अर्ध्यावर थांबला. तिनं आधी चाकू खाली ठेवला होता. मगच फाटकाकडे पाहिलं होतं.

दूधवाला होता.

उरलेली अर्धी जुडी चिरून तिनं पातं फडक्यानं पुसलं आणि चाकू नवऱ्याकडे दिला.

"वर ठेवा. रोज सकाळी मले विचारा. घासू नका, लपवू नका. विचारा. मी सांगीन."

"आणि तुले सांगता नाई आलं तं?"

पंचफुलानं बेसनाचा डबा ओढला, झाकण काढलं. 

खूण नसलेला दिवस

चार सकाळी त्यानं विचारलं आणि चार सकाळी ती म्हणाली, द्या. कोहळं झालं, मुळा झाला, वांगी झाली. चौथ्या दिवशी तिनं टमाटराच्या इतक्या पातळ चकत्या केल्या की नरेशनं एक उचलून खिडकीसमोर धरली.

पाचव्या सकाळी केवलरामनं पाट मांडला. पाटावर चाकू ठेवला. मुठीजवळ पात्यावर मार्करचा एक काळा ठिपका अजून राहिला होता.

"आज?"

पंचफुला चाकूकडे पाहत राहिली.  मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, पांढऱ्या व्रणाकडे, जणू तो कुठून आला ते आठवत असावी. रश्मी ओट्याजवळ हातातलं काम थांबवून उभी होती.

"आज नाही," पंचफुला म्हणाली.

तिनं चाकू फिरवला, मूठ सुनेकडे केली आणि पाटावरून तिच्याकडे सरकवला. रश्मीनं तो उचलला आणि ओट्यावर कांदा घेतला.

पंचफुलानं बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगांची टोपली मांडीवर ओढली. एक शेंग घेतली, शीर ओढली आणि हातानं मोडली. कट. आणखी एक. कट. केवलराम समोर बसला. त्यानंही एक शेंग घेतली, मोडली आणि तुकडे ताटलीत टाकले.

पंचफुलानं त्याचा एक तुकडा उचलला, पाहिला आणि मधोमध मोडला.

"एवढं लांब कोण खाईन," ती म्हणाली, आणि पुढची शेंग त्याच्या हातात दिली.