राहिलेली टाचणी

दोन वर्षं शिंपीणबाईंचे हात शहाण्यासारखे वागले. शिवलेला कपडा एकदाच चाचपायचा आणि घडी घालायची, हा मनाच्या डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेला नियम. आज मात्र गिऱ्हाईक तान्ह्या बाळाचा फ्रॉक घेऊन गेलं आणि बाईंच्या मनात आलं, आत टाचणी राहिली असेल तर? धावत जाऊन त्यांनी फ्रॉक परत आणला, उलटा करून चाचपला. काही नव्हतं. पुन्हा चाचपला.

अकराव्या खेपेला नवरा म्हणाला, “अगं, परत सुरू झालं का?”

“गप्प बसा हो! शेवटचं एकदा!”

तेवढ्यात लक्ष गेलं. कोपऱ्यात सहा वर्षांची लेक बाहुलीचा फ्रॉक उलटा करून चाचपत होती.

“काय शोधतेस गं?”

“बोलू नकोस ना, आई! आता परत पहिल्यापासून करावं लागेल.”