आई चालवून घेते

सिस्टरची जुनी गाडी विकली गेली, तर मुलाला जिन्याखालची जागा मिळणार होती. त्याची नवी गाडी तिथं दिमाखात उभी राहिली असती. सुनेला शेजाऱ्यांसमोर ताठ मानेनं वावरता आलं असतं. सिस्टरच्या नवऱ्याच्या वाट्याला नव्या गाडीतली थंडगार हवा. सिस्टरला काय मिळणार, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. घाईत राहतं असं.

म्हणून रविवारी सकाळी ती ड्रेसिंगची बॅग घेऊन खाली आली, तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि एक भंगारवाला आत डोकं खुपसून उभा होता.

"चालते का हो?" त्यानं मुलाला विचारलं.

"चालते म्हणजे... आई चालवून घेते."

"मला चालते," सिस्टर म्हणाली. "डोकं काढा बाहेर. बॉनेट पडतं कधी कधी."

भंगारवाल्यानं डोकं काढलं. "बाई, दार आतून उघडत नाही."

"काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, उघडायचं. हात धड आहे ना तुमचा?"

मुलगा पुढं झाला. "आई, हॉस्पिटलातून रिटायर झालीस ना? कशाला घरोघर मलमपट्ट्या करत फिरतेस? आणि जायचंच असेल तर मी सोडत जाईन की."

"तुला सवड मिळेपर्यंत जखमा थांबतील होय?"

"बाबांनाही पटलंय."

सिस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. तो एकेकाळचा बसड्रायव्हर. नजर अधू झाल्यापासून रोज तिच्या शेजारी बसून हुकूम सोडायचा, "दुसरा टाक. हां, आता तिसरा." तिनं गिअर आधीच टाकलेला असायचा, तरी ती "बरं" म्हणायची. त्या एका शब्दावर त्याचा दिवस निघायचा.

"तुम्ही हो म्हणालात?"

"उन्हात फार तापते गं ती," तो पुटपुटला.

"बरं."

तिनं बॉनेट आदळलं. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

"जागा घे तुझी," ती मुलाला म्हणाली. "मी रस्त्यावर लावीन. किल्लीला मात्र हात लावायचा नाही." मग नवऱ्याला, "येताय?"

त्यानं मुलाकडे पाहिलं. तेवढा वेळ तिला पुरला. ती गेली.

पुन्हा तिनं विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही. दोघंही सारखेच हट्टी.

आता मुलाची गाडी जिन्याखाली असते. सिस्टर रस्त्यावर काचेवरची धूळ पुसते, शेजारच्या सीटवर बॅग ठेवते आणि पेशंटकडे निघते. नवरा मुलाच्या गाडीत मागं बसतो; पुढं सून असते. परवा चढाला तो सवयीनं म्हणाला, "दुसरा टाक."

"बाबा," मुलगा हसला, "या गाडीला गिअर टाकावेच लागत नाहीत."

सूनही हसली. म्हातारा थंड हवेत हाताची घडी घालून बसला. बाकी सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं. किंमत भरली ती त्यानं एकट्यानं.