काळ्या कापडावर

आमच्या कारखान्यात बाळंतपणाहून परत आलेल्या बाईला काळ्या कापडावर बसवतात. कुठे लिहिलेलं नाही, पण नियम आहे. पांढऱ्या सदऱ्यावर दुधाचा थेंब पडला तर डाग राहतो आणि माल परत येतो. काळ्या पँटवर काय दिसतंय! सुपरवायझर हे उपकार केल्यासारखं सांगतो, "तुझ्याच सोयीसाठी गं." काळ्यावर काळा दोरा घालताना डोळे गळतात, ते कुणाच्या सोयीसाठी, हे मी विचारलं नाही. या सुपरवायझरला आम्ही घड्याळ म्हणतो. दिवसभर पाठीमागे टकटक करत फिरतं आणि जेवणाच्या सुट्टीत नेमकं पुढे पळतं.

घरी माझा ढब्बू. जन्मला तेव्हा गुटगुटीत होता म्हणून हे नाव. आता पाचवा महिना लागलाय. नाव राहिलंय, बाळसं गेलंय. दिवसभर तो सासूबाईंकडे असतो आणि सासूबाईंकडे असतो पावडरच्या दुधाचा डबा. डबा पुरला पाहिजे म्हणून पावडर निम्मी, पाणी भरपूर. बाटलीतून पलीकडची खिडकी दिसते. मी काही बोलले की म्हणतात, "पातळ पचतं गं बाळाला. पोट बघ की, कसं टम्म आहे." टम्म असतंच. टम्म काय, पाण्यानेही होतं. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या नवऱ्याला त्यांनी असंच वाढवलं, आणि तो वाढून वाढून माझ्या खांद्यापर्यंत आला.

दवाखान्यात नर्सने ढब्बूला काट्यावर ठेवलं आणि चार बायांसमोर माझी खरडपट्टी काढली. "सहा महिने अंगावरचंच पाजायचं, वरचं पाणीसुद्धा नको, एवढं कळत नाही?"

"कळतं ना. पण अंग कारखान्यात असतं."

"उत्तरं देऊ नकोस. वजन वाढलं नाही तर पोराला दाखल करावं लागेल."

दूध मला नव्हतं असं नाही. प्रेसवाल्याच्या इस्त्रीने वाफ सोडली की अगदी बाळ कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि मला तिथेच, मशीनवर, पान्हा फुटायचा. मग बायकांच्या बेसिनशी जाऊन पिळून टाकायचं. दाराशी पहारा द्यायला माझ्या शेजारच्या मशीनवरची काजवाली. तिचं काम काजं पाडायचं आणि तोंड तर त्या मशीनपेक्षा जोरात.

"आटप गं गवळणी. बाकीचे दुधात पाणी घालतात, तू पाण्यात दूध घालतेस!"

हसायचे मी. काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. इथे आड काठोकाठ भरलेला आणि पोहरा तीन गल्ल्या पलीकडे खिडकी दिसणारं पाणी पीत पडलेला.

खरं तर पोहरा आणायला जागा होती. जिन्याखाली एक खोली होती, दारावर पाटी, "माता-बाल कक्ष", आणि पाटीखाली कुलूप. आत बटणांची खोकी. मी घड्याळाला म्हणाले होते, "साहेब, ती खोली उघडा. सासूबाई दुपारी बाळाला आणतील, मी जेवणाच्या सुट्टीत पाजीन. तुमचं एक मिनिट जाणार नाही."

"एकीला उघडली की सगळ्याच बाळंत होतील," तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

आणि एका सकाळी तोच माझ्या मशीनशी येऊन उभा, आवाजात साखर घोळलेली. माल घेणाऱ्या कंपनीच्या बाई उद्या कारखाना बघायला येणार होत्या. खोकी बाहेर निघाली होती, खोलीला पडदा लागला होता. भिंतीवर एका गलेलठ्ठ बाळाचं चित्र लागलं होतं. असं बाळ आमच्या गल्लीत कुणी बघितलेलं नाही.

"उद्या बाळाला बोलव. खोलीत बसून पाज. बाई बघतील, जातील."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू."

"बघू नाही साहेब. खोली रोज दुपारी उघडी राहील, हो म्हणा. तरच बोलावते."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "हो गं बाई, हो."

काजवाली ऐकत होती. "लिहून घेतलंस का?"

"बायांसमोर हो म्हणालाय."

"बायांसमोर म्हटलेलं बायांइतकंच टिकतं," ती म्हणाली आणि खटाखट काजं पाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ढब्बूला घेऊन आल्या. मी खोलीत बसले, त्याला छातीशी घेतलं. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, तर पाठीची कमान करून किंचाळला. रात्री झोपेत दोन घोट ओढायचा, म्हणून मी समजत होते की पितोय. पण हा जागा होता. जागेपणी त्याला ठाऊक होतं ते बाटलीचं रबर, तोंडात धरलं की आपोआप गळणारं. माझं ओढावं लागतं. तेवढा जोर त्याच्यात राहिला नव्हता आणि तेवढी ओळखही.

दूध मात्र त्याच्या रडण्याने वाहायला लागलं. त्याच्या गालावरून वाहिलं, कानात गेलं. त्याने तेही नको म्हणून मान झटकली.

घड्याळ पडद्याआडून फिसफिसलं, "अगं लाव ना त्याला!"

लाव म्हणे, जसं काय बटणच.

सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "दे इकडे. मी आणलंय करून."

"बाटली नको! बाटली दिसता कामा नये!" घड्याळ घामाघूम. मग त्यालाच अक्कल सुचली. "ही शाल घे, पांघर. बाटली आत धर."

शालीखाली मी माझ्या पोराच्या तोंडात पाणी घातलं. तो गप्प झाला. पडदा सरकला, बाई आत आल्या, बरोबर दुभाषी. बाईंनी आधी चित्रातलं बाळ बघितलं, मग शाल बघितली. डोळे भरून आले त्यांचे. फोटो निघाला.

दुभाषी म्हणाला, "बाई विचारतात, तुम्ही रोज इथे येता का?"

घड्याळ माझ्याकडे बघत होतं. शालीखाली बाटलीतून पाण्याचा बुडबुड आवाज येत होता. खरं बोलले असते तर नोकरी गेली असती आणि खोलीही. खोटं बोलले तर निदान खोली.

"हो," मी म्हणाले, "रोज."

परवा उजाडला. दाराला कुलूप. खोकी जिन्यातून परत आत गेली होती. फोटो मात्र गेटवर मोठा करून लावला, मी आणि शाल. मी घड्याळाला गाठलं, तर म्हणाला, "पोरगं पीतच नाही तुझं. खोली काय करायचीय?"

मी मशीनवर परत गेले. बेसिनशी जाणंही मी सोडलं. छाती दगडासारखी झाली, मग हळूहळू मऊ पडली. घड्याळाने ते बरोबर टिपलं. नको तिथे नजर असतेच त्याची. "सुकलीस ना? चल, पांढऱ्यावर ये. बढतीच समज."

पांढऱ्या लाइनवर लहान मुलांचे सदरे चालू होते. माझ्या हातात आलेल्या मापात ढब्बू दोनदा मावला असता. मी बाह्या जोडत होते. दुपारी प्रेसवाल्याने वाफ सोडली. कण्हल्यासारखी. आणि माझ्या मांडीवरच्या सदऱ्यावर एक ओला ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

काजवाली लांबून धावत आली. "पूस, पूस लवकर!"

"राहू दे."

मी तो सदरा उचलला आणि घड्याळाच्या टेबलावर नेऊन पसरला.

"हे काय? तू तर सुकली होतीस."

"नाही सुकले. पोरगं पीत नाही म्हणालात ना? रोज छातीशी धरलं तर पिईल. शिकेल परत. खोली उघडा."

"आणि नाही उघडली तर?"

"मग पांढरा माल मोजून ठेवा. पान्हा मला विचारून फुटत नाही."

सगळी लाइन थांबली होती. त्याने डागाकडे बघितलं, लाइनकडे बघितलं. किल्ली त्याच्या कमरेलाच होती. तिला हातसुद्धा लावला नाही.

"काळ्यावर जा," तो म्हणाला.

मी माझी कात्री उचलली आणि जुन्या जागेवर येऊन बसले. काळ्यात काळा दोरा ओवला. संध्याकाळी घरी जाऊन ढब्बूला जागेपणी छातीशी धरणार होते. त्याने तोंड फिरवलं तरी धरणार होते. पण संध्याकाळ लांब होती, आणि पुढचा ओला ठिपका कापडावर पडला तेव्हा मलासुद्धा दिसला नाही.

काजवालीने कोपराने ढोसलं. "ऊठ गं गवळणी. घड्याळ जेवायला गेलंय."

मी उठले आणि बेसिनशी गेले.