भोंग्याने रचलेलं गाणं

त्याला सगळे भोंगा म्हणत. खरं नाव फक्त बायको घ्यायची, तेही रागावली असेल तरच. आवाजच तसा होता. सामान हलवणाऱ्या कंपनीत तो मुकादम. चौथ्या मजल्यावरून "गाडी मागे घे" म्हणाला की रस्त्यावरच्या परक्या गाड्याही दचकून मागे जात. सामन्याच्या दिवशी हाच आवाज गावच्या फुटबॉल क्लबाच्या कामी यायचा. संघाचे राखीव खेळाडू आणि कोच बसतात त्या बाकाच्या बरोबर मागची रांग त्याची. तो उठला, हात वर केला, की प्रेक्षकांचा अख्खा स्टँड त्याच्या मागून गायचा.

त्या हंगामात क्लबाने नवा कोच आणला. वय जेमतेम तिशी ओलांडलेलं. आधी शाळेतल्या मुलांचे संघ तयार केलेले, मोठ्या संघाचा अनुभव शून्य. लोक त्याला 'मास्तर' म्हणायला लागले ते आधी लाडाने. मग संघ हरायला लागला आणि लाड आटला. घरच्या मैदानावर चार गोल खाल्ले त्या दिवशी भोंग्याचं डोकं फिरलं आणि त्याला एकदम सुचलं. आपल्या जागेवर उभा राहून त्याने ठोकून दिलं,

"घंटा झाली, दप्तर भरा! मास्तर, घरी जा!"

मग तीन टाळ्या. चाल इतकी सोपी, की सामना संपेपर्यंत सगळं मैदान गात होतं. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्याने मागे वळून एकदाही पाहिलं नाही. पुढच्या सामन्यांना लोक जणू तेवढ्यासाठीच येऊ लागले.

मास्तरला काढल्याची बातमी आली तेव्हा भोंगा सलूनमध्ये होता. सलूनवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, क्लबाच्या पायी वेडा. टीव्हीवर बातमी दिसताच तो गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच सोडून नाचायला लागला. अर्ध्या दाढीचं ते गिऱ्हाईकही नाचलं. सगळ्यांनी मिळून भोंग्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची गरागरा फिरवली.

"क्लबाने नाही काढलं, तुझ्या गाण्याने काढलं त्याला!" सलूनवाला म्हणाला.

भोंगा फुगला. घरी येऊन त्याने बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती कपडे घड्या करत होती.

"एका माणसाची नोकरी गेली, आणि तुम्ही खुर्चीत बसून गोल गोल फिरलात?"

"अगं, फुटबॉल आहे तो. त्यात असंच असतं."

"असेल बाई," ती म्हणाली आणि तिने त्याचा शर्ट त्याच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात कंपनीने त्याला एक घर रिकामं करायला पाठवलं. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट बंद. हाताखालची दोन माणसं खोकी घेऊन मागून येत होती. भोंग्याने जिन्यातूनच आवाज दिला, "जिना ओला आहे रे, खोकी खाली टेकवू नका!" आणि बेल वाजवली.

दार मास्तरने उघडलं.

टोपी डोळ्यांवर ओढून भोंगा कसाबसा म्हणाला, "सामान न्यायला आलोय, साहेब." मास्तर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग बाजूला झाला. "या. कपाट जड आहे, मी हात लावतो."

स्वयंपाकघरात मास्तरची आई होती. ऐकायला कमी येणारी, बारीक अंगाची, बोलायची भारी हौस. एरवी मुकादम असल्या कामाला हात लावत नसे, पण मास्तरच्या समोर राहायला नको म्हणून भोंगा कपबश्या गुंडाळायला तिच्याजवळ बसला. गुंडाळायला कंपनीची रद्दी होती. दुसराच कागद ओढला तर मास्तरचा हात कपाळाला लावलेला फोटो, वर मोठ्या अक्षरांत 'बालवाडी बंद!' भोंग्याने फोटो आतल्या बाजूला घेऊन पेला घाईघाईने गुंडाळला. पेला निसटता निसटता वाचला.

"सावकाश हो, भाऊ," मास्तरची आई म्हणाली. "तुम्ही याच गावचे?"

"हो, मावशी."

"मग तुम्हीच सांगा. माझ्या मुलाला काढलं कशाला?"

भोंग्याने पुढचा कप उचलला.

"चुकला असेल हो. नवीनच होता. पण लोकांचा केवढा जीव त्याच्यावर! मी गेले होते एकदा सामना बघायला. हजारो माणसं त्याचं नाव घेऊन गात होती. मला नीट ऐकू येत नाही, पण मास्तर, मास्तर तेवढं कळलं. घरी आल्यावर विचारलं, काय गात होते रे? तो म्हणाला, 'मास्तर, घरी या' म्हणतात. एवढी माणसं जेवायला बोलवत होती, आणि हा कुणाकडे गेला नाही. मुखदुर्बळ आहे पहिल्यापासून. गेला असता, चार ओळखी झाल्या असत्या, तर कुणीतरी बाजू घेतली असती की नाही त्याची?"

भोंग्याने दुसरी बशी उचलली आणि ती कागदात नुसतीच फिरवत बसला. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"तुम्हाला येत असेल ना ते गाणं?" मावशींनी विचारलं. "पहिली ओळ काही मला कळलीच नाही. उद्यापासून आम्ही कुठे आणि तुम्ही कुठे. म्हणा ना एकदा. जरा मोठ्याने."

तेवढ्यात मास्तर दारात आला. हातात चिकटपट्टी होती. त्याने आईकडे पाहिलं, मग भोंग्याकडे पाहिलं. फक्त मान अगदी थोडी हलवली. ती 'नको' म्हणून होती की 'म्हणा' म्हणून, भोंग्याला कळलं नाही.

तो उठून उभा राहिला. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. चार गोल खाल्ले त्या दिवशी ओळ कशी आपसूक आली होती. आता डोकं पिळलं तरी काही निघेना. शेवटी त्याने तोंड उघडलं,

"दार उघडं, दिवा लावला... मास्तर, घरी या!"

मोकळ्या भिंतींवरून आवाज परत आला. मावशींनी तीन टाळ्या वाजवल्या, अगदी बरोबर जागी.

"अगं बाई! किती गोड," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही का रडताय, भाऊ?"

"धूळ आहे, मावशी. खोक्यांची."

दुपारपर्यंत सामान गाडीत चढलं. मावशी टॅक्सीत जाऊन बसल्या. मास्तर गाडीच्या मागे आला, तेव्हा भोंगा कपाटाला दोरी बांधत होता.

"आवाज जिन्यातच ओळखला मी," मास्तर म्हणाला. "सगळा हंगाम तुमच्याकडे पाठ करून उभा होतो. चेहरा माहीत नव्हता."

"मग मला हाकललं का नाही, साहेब?"

"सामान कुणीतरी उतरवायलाच हवं होतं ना." तो किंचित हसला. "माझ्या चुका झाल्या. मुलांना शिकवता यायचं, मोठ्यांना कसं हाताळायचं ते शिकत होतो. तुमचं तिकीट वाया जात होतं, तुम्ही ओरडणारच. पण आईला तिथे न्यायला नको होतं मी." मग तो म्हणाला, "आजची ओळ चांगली होती."

भोंग्याने मान खाली घातली. "माफ करा," तो म्हणाला. पण अख्खा स्टँड उठवणारा तो आवाज नेमका त्या वेळी अगदी हळू निघाला, आणि ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

"काय म्हणालात?"

पुन्हा म्हणायला एक शब्द पुरला असता.

"काही नाही, साहेब. दोरी घट्ट बसलीय म्हटलं."

मास्तरने हात पुढे केला. भोंग्याने आपला हात पँटला पुसून तो हातात घेतला.

संध्याकाळी सलूनमध्ये त्याच्याआधी बातमी पोचली होती. हाताखालच्या माणसांनी सांगितलं असणार. सगळे त्याच्याभोवती जमले.

"काय रे, मास्तरचं घर आवरून आलास म्हणे?" सलूनवाल्याने विचारलं. "तोंड पाडून बसला होता का? रडला का?"

"नाही. कपाट उचलायला हात लावला त्याने."

"चला, काहीतरी उचलता येतं म्हणायचं! कप नाही तर कपाट!"

हशा पिकला. सांगायचं भोंग्याच्या ओठावर आलं होतं, मावशींचं, टाळ्यांचं, सगळंच. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आता हा यावर काहीतरी जोरदार टाकणार म्हणून वाट पाहत. आणि तोही हसला. फार नाही, थोडासाच, पण हसला.

घरी बायकोने विचारलं, "आज कुणाचं सामान होतं?"

"होतं एका भल्या माणसाचं," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला. बराच वेळ तो नळाखाली हात धरून उभा होता. तिने दोनदा हाक मारली तरी त्याला मागे वळवेना.