बारा नंबरच्या टाचा

मित्रांनो, मी उंच टाचांच्या काळ्या बुटांचा जोड. बूट बायकांचे, पण माप बारा नंबरचे! बरबँक गावातल्या, चित्रपटांचे आवाज तयार करणाऱ्या एका स्टुडिओत, फळीवर माझा मुक्काम. पडद्यावर मी कधी दिसलो नाही. ऐकू मात्र पुष्कळदा आलो.

चित्रपटात नायिका जिना उतरते ना, तेव्हा तिच्या बुटांच्या तळाला मऊ लोकर चिकटवलेली असते. बोलणे स्वच्छ टिपले जावे म्हणून तिची पावले मुकी करतात. मग मागाहून कोणीतरी पडद्यासमोर चालून ती पावले वाजवायची. आमच्याकडे ती वाजवायचा डेलमार हॅस्केल, एक धिप्पाड, मिशाळ, मायाळू माणूस. माझ्यासाठी माप घेताना चांभाराने त्याला तीनदा विचारले होते, "नक्की तुमच्याच पायाचं ना?"

माझे शेजारीही गमतीचे. मक्याच्या पिठाची पिशवी दाबली की बर्फावर कोणी चालू लागे. कातडी हातमोजे फडफडले की कबुतरे उडत. खलनायकाचा हात मोडायचा असला की डेलमार डब्यातली सेलरी नावाच्या कुरकुरीत भाजीची देठे कडकन पिरगळायचा आणि उरलेली खाऊन टाकायचा.

सात चित्रपट मी नायिका कोरीन व्हास्कोची पावले झालो. डेलमार तिच्या पायांकडे बघतच नसे, खांद्यांकडे बघे. पाऊल आधी खांद्यात पडते, म्हणायचा. माझ्या डाव्या टाचेचा खिळा सैल होता. 'टक' झाले की मागून हलकेच 'चिक' येई. तीच तिची चाल ठरली.

मुखडा तिचा देखणा, जग बघे डोळे भरून
पाऊल माझे वाजे, अंधारात दडून

आठव्या चित्रपटाच्या शेवटी तिचा चेहराच दिसणार नव्हता. बंद दाराआड बसलेला म्हातारा बाप नुसत्या पावलांवरून ओळखतो, लेक परत आली. सगळा प्रसंग माझ्यावर.

आणि नेमके त्याच आठवड्यात डेलमारच्या बायकोने, आयोनीने, त्याच्या वाढदिवसाला म्हणून मला गुपचूप दुरुस्त करून आणले. खिळा ठोकला, नवे रबर बसवले, वर चकचकीत पॉलिश.

सोमवारी डेलमार चालला. काचेपलीकडे आवाज टिपणारा मॅनी अरेओला म्हणाला, "डेल, ही कोण नवी बाई? आपली कोरीन कुठे राहिली?"

तीन दिवस डेलमारने रबर खरवडले, खिळा उचकटला. काही जमेना. दिग्दर्शकाने सांगून टाकले की गुरुवारी संध्याकाळपर्यंत पावले मिळाली नाहीत तर काम दुसऱ्या स्टुडिओकडे जाईल. डेलमारची इतक्या वर्षांची जागा जायची वेळ आली. घरी मात्र तो आयोनीला म्हणत राहिला, बूट झकास झालेत, पायाला लोण्यासारखे लागतात.

गुरुवारी कोरीन स्वतः आली, दोन वाक्ये माइकसमोर पुन्हा बोलायला. टाचा घातलेला डेलमार पाहून ती दारातच थबकली.

"म्हणजे ती पावलं तुमची?" ती हसत सुटली. मग म्हणाली, "पहिला चित्रपट थिएटरात पाहिला, तेव्हा वाटलं, अगं बाई, मी इतकी छान चालते? घरी जाऊन स्वयंपाकघरात तश्शी चालायला शिकले. इतकी वर्षं मी तुमच्यासारखी चालतेय हो."

डेलमार लाजला. मग हळूच म्हणाला, "एकदा चालून दाखवाल?"

ती जमिनीवरच्या लाकडी फळ्यांवरून चालली. तो खांदे बघत राहिला. तिच्या डाव्या पावलाला अर्धा श्वास उशीर होत होता. 'चिक' तिच्याकडे नव्हती, पण त्या 'चिक'ची जागा कोरीनने राखून ठेवली होती.

डेलमारने मला चढवले. तसाच अर्धा श्वास थांबत दारापर्यंत गेला. काचेपलीकडे मॅनीने डोळे मिटून ऐकले. मग म्हणाला, "आली."

तो चित्रपट बघायला डेलमारने मला पिशवीतून नेले होते. शेवटी नावे सरकू लागली, लोक उठले. आयोनी बसून राहिली. बारीक अक्षरांत त्याचे नाव येऊन गेले, तेव्हा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पाय दुखले असतील ना रे तुझे?"

मित्रांनो, जुन्या वस्तूला चकचकीत करण्याआधी ती वापरणाऱ्याला एकदा विचारा. जी खोड वाटते, तोच कधी तिचा आवाज असतो. आणि चित्रपट संपला की लगेच उठू नका. त्या बारीक अक्षरांत पुष्कळांचे पाय दुखत असतात.