रणगाड्याची खरवड

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा. कीर्तनाआधी एका मृदंगवाल्याची गोष्ट सांगते. पुराणातली नाही, आपल्या बेटावरच्या, या नुव्हेल फ्रांस गावच्या देवळातलीच.

पासष्टचा सप्टेंबर. तिकडे हिंदुस्थान-पाकिस्तानची लढाई पेटलेली. इकडे देवळाच्या ओट्यावर ज्या फळ्यावर मुलं बाराखडी गिरवायची, त्यावर देवानंदने मधोमध रेघ मारली. डावीकडे आपले जळलेले रणगाडे, उजवीकडे त्यांचे. देवानंद आपल्या मंडळाचा चिटणीस. रेडिओवर बातमी आली की पुसून नवा आकडा. आजे-पणजे तिथून आलेले म्हणून आपले म्हणायचे, पण तो देश आमच्यातल्या एकानेही पाहिला नव्हता.

गोवर्धनकाका साखर कारखान्यात लॉऱ्या दुरुस्त करायचे. मोठ्या लढाईत ते इंग्रजांच्या पलटणीबरोबर मिसरच्या वाळवंटात होते. परत आल्यापासून वीस वर्षं देवळातला मृदंग त्यांचाच. पहिली थाप पडली की वाटे, देव उंबऱ्यात आला. लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. एवढंच ठाऊक, की चंद्रकलाकाकू भात लागू द्यायची नाही. लागला तर काका ताटावरून उठत.

त्या रविवारी कीर्तनाआधी देवानंद ओरडला, "आज त्यांचे अकरा जळले!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी देवापुढची झांज वाजवली. आणि खोटं कशाला बोलू, मीही टाळी वाजवली. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

"काका, तुमी तर पाह्यलेत. कुनाचा गाडा भारी? लोखंड कुनाचं जाड?" देवानंदने विचारलं.

"मो पा कोने, बाबा. मला न्हाय ठाऊक." नाद घुमावा म्हणून काका मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणिक लावत होते.

"आयो! ठाऊक कसं असनार? काका तिकडं खड्डे खनत होते!" देवानंद पोरांकडे वळून म्हणाला.

हशा पिकला. काकांचा हात थांबला.

"खड्डे खनले. आन गाडे साफ केले. जळका गाडा दुरुस्तीला यायचा. मी झाकन उघडून आत उतरायचा, हातात पत्र्याचं उलथनं. आत चार-पाच मानसं. टोपाला भात लागतो ना, तशी लागल्याली. खरवडून बादलीत भरायची. कुनाची कोन, ते बादलीत कळत न्हाय. अकरा म्हंतोस? बादल्या मोज."

काका उठले आणि कणकेच्या ओल्या तळव्याने फळा पुसला. दोन्ही बाजू.

देवानंद लाल झाला. "सगळ्यांपुढं माफी मागा. न्हायतर मृदंगाला हात लावू नका."

"माफी कुनाची? आकड्यांची?"

बाकीचे मृदंगावरची कणिक नखाने खरवडतात. काकांनी ओलं फडकं घेतलं, हळूहळू पुसून काढली, मृदंग देवापुढे ठेवला आणि निघून गेले. आम्ही कुणीच थांबवलं नाही.

लढाई त्याच महिन्यात थांबली. फळ्यावर बाराखडी परत आली, काका नाहीत. कीर्तन सुरू झालं की ते बाहेर उसाच्या बांधावर बसून मांडीवर ताल धरायचे. मी आतून पाहायची. दोन वर्षांनी गेले. माफी त्यांनी मागितली नाही, आम्हीही नाही.

चला, उचला टाळ. पण कीर्तन संपल्यावर मृदंगाची कणिक काढाल, तेव्हा नख लावू नका. ओलं फडकं घ्या, आणि आमच्या गोवर्धनकाकांना तेवढं आठवा.