मोहावरची फवारणी

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, मोह पहाटे गळतो. टप्, टप्, एकेक फूल. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर मुंग्या नेतात. पाड्यावर प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. दिवालीबाई सासूच्या झाडाखाली बसायची, जाऊ पलीकडच्या. मधे पन्नास पावलं. त्या चैत्रात साथीपायी सगळा देश बंद झाला, पण मोहाला कुणी कळवलं नव्हतं.

सरकारी पथक आलं तेव्हा पंधरवड्याची फुलं अंगणात वाळत होती. पावसाळ्यात तीच भाकरीत मिसळायची, तीच देऊन ज्वारी आणायची. सोबतचा कोतवाल गिरधर पाड्याच्या ओळखीचा. त्याने पथकाच्या साहेबांना सांगून पाहिलं की बाया जमत नाहीत, आपापल्या झाडाखाली बसतात. साहेबांनी सगळी झाडं एकत्र मोजली, जमाव ठरवला आणि जमावाने वेचलेली फुलं निर्जंतुक करायला सांगितली. दिवालीबाईचा नवरा आमश्या हात जोडून आडवा आला, तर त्याला काठीने बाजूला सारलं. कायदा आता वेगळा आहे म्हणाले.

आधी एक भरलेलं पोतं वेगळं निघालं. ते नमुन्याचं. ते जीपमध्ये जपून ठेवलं. मग पाठीवरच्या पंपातून फवारा सुटला, गटारीवर मारतात तेच औषध. अंगणाला आंबूस गोड वास होता, लेकराच्या टाळूसारखा. तो त्या भपक्यात गुदमरला. फुलं चिकट झाली, मग पांढुरकी. कोंबडीने एक टिपलं आणि चोच मातीत घासत राहिली.

त्यावर साहेबांनी कागद काढला. निर्जंतुकीकरण मालकिणीच्या संमतीने झालं, अंगठा द्या.

दिवालीबाईने ओंजळभर ओली फुलं उचलून कागदावर ठेवली.

"एक फूल खाई दखाड, साहेब. मंग मी अंगठा देसू."

पंपवाला फिसकन हसला. साहेबांनी कागद झटकला, रुमालाने टिपला आणि गिरधरपुढे धरला.

"तू लाव."

"साहेब, नाव हिचं शे."

"साथ चालू आहे. आता अंगठे कोण तपासतंय?"

गिरधरने दिवालीबाईच्या नावापुढे आपला अंगठा उमटवला. जाड, ठसठशीत, पुरुषाचा. साहेबांनी त्यावर फुंकरसुद्धा मारली. मग शाई पुसायला काही सापडेना म्हणून गिरधरने अंगठा तिच्याच घराच्या कुडावर घासला.

ती पुढे झाली. शाई लागलेलं तेवढं शेणसारवण तिने नखांनी खरवडून काढलं आणि गिरधरच्या पायांशी टाकलं.

"हाई बी ली जाय," ती म्हणाली.